सत्तावन्न नंबरचा बिल्ला

४ जून

चि. खटपट्यास,

मावशीचे आशीर्वाद. पत्र टाइप करून ई-मेलनं पाठवलेलं पाहून दचकू नकोस. हल्ली माझा हात इतका थरथरतो की हातानं लिहिलेलं पत्र तुला औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घ्यावं लागलं असतं. डॉक्टर म्हणतात, वय. मी म्हणते, एक्केचाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केल्यावर हाताला त्यांचीच सवय लागली. फोन करत नाही, कारण त्याच एक्केचाळीस वर्षांत कानही गेले. फोनवर मला फक्त माझंच बोलणं ऐकू येतं, आणि ते मला आधीच माहीत असतं.

दुकान बंद केलं, हे आईनं सांगितलंच असेल. स्क्रू माझ्यासमोर नाचायला लागले म्हणून बंद केलं. आता शिवणशाळेत दुरुस्तीचा वर्ग घेते. हातानं दाखवता येत नाही, म्हणून सगळं लिहून काढलंय. सहाशे चाळीस परिच्छेद, प्रत्येकात मशीनचं एक दुखणं आणि त्यावरचा इलाज. धागा का तुटतो, टाका का सुटतो, पट्टा का घसरतो. शाळेच्या संगणकावर बायकांनी नंबर टाकला की तोच परिच्छेद समोर यायला हवा. शाळेचा संगणकवाला म्हणाला, त्यासाठी प्रत्येक परिच्छेदाच्या आत एक खूण लिहावी लागते. मी अकरा लिहिल्या. त्यातल्या चार चुकल्या आणि एकीत माझंच नाव टाइप झालं.

तू संगणकात काहीतरी करतोस असं तुझी आई सांगते. काय करतोस ते तिलाही माहीत नाही. परिच्छेदांची फाइल सोबत जोडली आहे. हे जमेल का तुला? लहानपणी माझं मशीन खोलून परत जोडलं होतंस, तेव्हापासून तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही. त्याचा एक स्क्रू मात्र अजून सापडलेला नाही.

तुझी
मावशी

---

१५ जून

ती. मावशीस नमस्कार,

आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी मला माझ्या कामाबद्दल विचारलं. पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला खरंच मदत कर, भाषण देऊ नकोस." तरी थोडं भाषण देतोच.

तुझ्या कामासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, त्यात फाइलचं नाव द्यायचं, की तो वरून खाली जातो आणि दिसेल त्या परिच्छेदाला नंबर अडकवतो. एक, दोन, तीन. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, संगणकाला दिसतो. छापायचा असेल तर कडेला छापताही येतो. त्याचं नाव ठेवलंय ‘बिल्ला’. तुझे सहाशे चाळीस बिल्ले त्यानं एका सेकंदाच्या आत अडकवले. हाताला दोन दिवस लागले असते. प्रोग्राम लिहायला मला अकरा दिवस लागले. एवढा वेळ वाचवणारा माणूस आमच्या धंद्यात फार मानाचा समजला जातो.

‘बिल्ला’ मी सगळ्या जगासाठी फुकट ठेवला आहे. आजवर तिघांनी उतरवून घेतला. त्यातला एक मी. दुसराही मीच, ऑफिसच्या संगणकावरून. तिसरा कोण याचा विचार करत मी हल्ली सकाळी चहा घेतो.

फाइल शाळेच्या संगणकवाल्याकडे पाठवली आहे. पुढेही बदल असतील तर मी इथूनच करू शकेन, तशी सोय त्यानं करून दिली आहे. काही लागलं तर सांग. काहीतरी लागू दे, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

तुझा
खटपट्या

---

२७ जून

चि. खटपट्यास,

एकशे बारा नंबर टाकला, तर बॉबिनमध्ये धागा गुंतणं समोर आलं. तीनशे टाकला, तर पायडल जड जाणं. मी तासभर नुसते नंबर टाकत बसले. बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंनी, विचारलं की काय शोधताय. मी म्हटलं काही नाही, भाच्याचं कौतुक करतेय.

सगळं कागदावर छापून घेतलंय, कडेला नंबरांसकट. आता त्यावरून पुढचं काम करेन.

एक काम आहे. सत्तावन्न नंबरचा परिच्छेद काढून टाक. दिसायला तो तेल घालण्याबद्दल आहे, पण खरं तर माझ्या भागीदारणीबद्दल आहे. ती स्वयंपाकाचं तेल मशीनला घालायची आणि वर मलाच शिकवायची. पुढे माझी अर्धी गिऱ्हाइकं घेऊन तिनं समोरच्या गल्लीत दुकान थाटलं. हे सगळं मी रागाच्या भरात तेलाच्या नावाखाली लिहून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात ती गेल्याचं कळलं. बावीस वर्षं बोलत नव्हतो आम्ही. आता तिच्या तेलाची उणीदुणी काढून मला काय मिळणार?

तेवढा काढ. बाकी कशाला हात लावू नकोस.

तुझी
मावशी

---

३० जून

ती. मावशीस नमस्कार,

सत्तावन्न काढला. वाईट वाटलं. परिच्छेद चांगला होता. "तिच्या हातचं तेल घातलेलं मशीन आठ दिवसांत भजनाला बसल्यासारखं कण्हायचं," हे वाक्य वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसलो आणि वरिष्ठांनी वळून पाहिलं.

जाता जाता फाइलची थोडी साफसफाईही केली. आता सगळं अगदी नीटनेटकं आहे.

आनंदाची बातमी म्हणजे ‘बिल्ला’ चौथ्या माणसानं उतरवून घेतला. हा मी नाही. दोनदा खात्री केली.

तुझा
खटपट्या

---

१८ ऑगस्ट

चि. खटपट्यास,

पत्राला उशीर झाला. आधी कामामुळे, आणि मग जे झालं त्यामुळे.

तुला सांगितलं नव्हतं, पण वर्गाच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. वीस सप्टेंबरला शाळेची समिती पाहणीला येणार आहे. खोलीत तीस बिघडलेली मशिनं, पंधरा बायका आणि माझं पुस्तक. मी बाहेर बसायचं. माझ्या हाताशिवाय, नुसत्या पुस्तकावरून त्यांना दुरुस्ती जमली, तर वर्ग चालू राहणार. नाही जमली, तर मशिनं भंगारात आणि खोलीत दुसरा वर्ग. समितीचं म्हणणं, हात थरथरणाऱ्या बाईनं दुरुस्ती काय शिकवायची. मला राग आला.

म्हणून महिनाभर मी तयारी केली. तीस मशिनांत मी स्वतः एकेक बिघाड करून ठेवला. बिघाड करायला थरथरता हात फार उपयोगी पडतो. मग प्रत्येक मशीनच्या दांड्याला कापडी चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर परिच्छेदाचा नंबर लिहिला, छापलेल्या कागदावरून बघून बघून. एका नंबराला पाच मिनिटं लागायची, तरच तो वाचता यायचा. दुकानातही मी अशाच चिठ्ठ्या बांधायचे.

काल पहिल्यांदा सराव घेतला. दोनशे बारा चिठ्ठीचं मशीन धागा तोडत होतं. तिथल्या बाईनं नंबर टाकला आणि मन लावून पट्टा सैल करत बसली. पुस्तकात तसंच लिहिलंय म्हणाली. मी पाहिलं, तर खरंच दोनशे बाराला पट्टा. दुसरी सुई बदलायची सोडून कापड पुढे सरकवणारे दाते घासत होती. तीसपैकी सव्वीस चिठ्ठ्या चुकलेल्या. सगळ्या एकानं पुढे. म्हणजे मी प्रत्येक वेळी खालच्या परिच्छेदाचा नंबर वाचला आणि लिहिला. सव्वीस वेळा. छापलेला कागद पडताळायला काढावा, तर तो मीच बायकांना रेषेत शिवण्याच्या सरावाला देऊन टाकला होता. बिनधाग्याच्या सुईनं त्याची पार चाळणी झालीय.

एकीनं मला चहा आणून दिला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हात गेला तेव्हा मी मनाला समजावलं की डोकं शाबूत आहे. आता तेही चाललं असेल, तर मग मी काय शिकवणार? हे तुझ्या आईला कळवू नकोस.

मावशी

---

२० ऑगस्ट

ती. मावशीस नमस्कार,

काळजी करू नकोस. डोकं वगैरे काही गेलेलं नाही. संगणकावर कधीकधी असं होतं. घाईनं काही ठरवू नकोस. दोन दिवस जाऊ दे, आणि मग चिठ्ठ्या एकदा शांतपणे पुन्हा तपासून बघ. मला वाटतं, सगळं ठीक निघेल.

तुझा
खटपट्या

---

२५ ऑगस्ट

चि. खटपट्यास,

तू सांगितलंस तसं शांतपणे तपासलं. तिसाच्या तीस चिठ्ठ्या बरोबर आहेत. दोनशे बाराला धागा तुटणंच आहे. पट्टा दोनशे तेराला आहे.

म्हणजे सतराला मी पट्टा पाहिला, तो पाहिलाच नव्हता. किंवा आज पाहतेय ते नाही. मी बायकांना विचारलं, "त्या दिवशी तिथे पट्टाच होता ना?" त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "असेल बाई, जाऊ दे." लहान मुलाला समजावतात तसं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात. पण मशीन दुकानात आणलं की नीटच चालतं, आणि घरी नेलं की पुन्हा बिघडतं. असली मशिनं मी आयुष्यभर पाहिली आहेत.

बाईंना सांगितलं, मी वर्ग सोडते. पाहणीची तारीख रद्द करा. त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत विचार करा. करण्यासारखं काही नाही. बायकांच्या बोटाखाली सुई असते. तिथे भास होणारी बाई नको.

तुझ्या प्रोग्रामचा यात काही दोष नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मावशी

---

२५ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र आत्ता वाचलं. आधी हे वाच, मग हवं ते कर. वर्ग सोडू नकोस. सतराला तिथे पट्टाच होता. तू पाहिलंस ते खरं होतं, आणि आज पाहिलंस तेही खरं आहे. खोटा फक्त मी आहे.

सत्तावन्न काढल्यावर मला छप्पनच्या पुढे एकदम अठ्ठावन्न बघवेना. डोळ्याला खुपत होतं. म्हणून मी ‘बिल्ला’ पुन्हा चालवला. तो शहाणा पुन्हा वरून मोजत आला, कारण मी त्याला एवढंच शिकवलंय. अठ्ठावन्नचा झाला सत्तावन्न, आणि तिथून शेवटपर्यंत प्रत्येकाचा नंबर एकानं सरकला. तुझ्या चिठ्ठ्या जुन्या नंबरांच्या होत्या आणि सगळ्या बरोबर होत्या. बरोबर राहिलेल्या चार म्हणजे सत्तावन्नच्या आधीच्या. ‘साफसफाई केली’ असं मी लिहिलं, ते हे. कशाला हात लावू नकोस असं तू आदल्याच पत्रात बजावलं होतंस.

तुझं अठराचं पत्र वाचलं आणि पहिल्या वाचनातच मला सगळं कळलं. तेव्हा दोन ओळींत सांगता आलं असतं. पण घरात पहिल्यांदाच माझं कौतुक झालं होतं आणि ते मला सोडवेना. मी इथून गुपचूप शाळेची फाइल पूर्ववत केली आणि तुला लिहिलं, शांतपणे तपास. वाटलं, तू तपासशील, सगळं बरोबर दिसेल आणि विषय संपेल. सगळं आपोआप बरोबर झालेलं पाहून तुला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लोकांनी मला हुशार म्हणावं म्हणून मी माझ्या मावशीला वेडी ठरवली.

‘संगणकावर कधीकधी असं होतं,’ हे आमच्याकडचं नेहमीचं वाक्य आहे. त्याचा अर्थ नेहमी ‘मी केलं’ असाच असतो.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं उठून चहा केला, स्वतःपुरताच.

आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंच आहे, तर तेही सांगतो. तुझ्या मशीनचा तो स्क्रू. जोडून झाल्यावर माझ्या हातात उरला होता. तू विचारलंस तेव्हा तो माझ्या खिशात होता. संध्याकाळी मी तो गॅलरीतल्या कुंडीत पुरला. तू दोन दिवस फरशीवर हातानं चाचपत होतीस आणि मी शेजारी बसून तुला शोधायला मदत करत होतो.

खटपट्या

---

२९ ऑगस्ट

खटपट्या,

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यात जे लिहिलं असतं ते मला सत्तावन्नसारखं पुन्हा काढायला लावावं लागलं असतं.

पत्र वाचून आधी मी रडले. मग रद्दीत जाऊन त्या चाळणी झालेल्या कागदांमधून दोनशे बाराचं पान शोधून काढलं. ‘धागा तुटणे’ या अक्षरांवरून आठ वेळा शिवण गेलीय, पण नंबर वाचता येतो. ते पान उशाशी घेऊन झोपले. चार रात्री झोप नव्हती मला. चूक सगळ्यांकडून होते. माझ्याकडून एकदा एका बाईच्या लग्नाच्या साडीला तेल लागलं होतं. पण स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाल्यावर माणूस अंधारात जिना उतरल्यासारखा घरात वावरतो. ते मी आठ दिवस केलं. ते तुला माहीत असावं.

आता तुझ्या प्रोग्रामबद्दल. दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनला मी नंबर बांधायचे. कुणी मशीन घेऊन गेलं तरी तो नंबर दुसऱ्या मशीनला कधी दिला नाही. कुणी परत आलंच नाही, तरी दिला नाही. भागीदारीण म्हणायची, रिकामे नंबर वाया कशाला घालवायचे? तिनं एकदा दिला, आणि एका शिंप्याच्या घरी दुसऱ्याचंच मशीन गेलं. आमचं भांडण सुरू झालं ते तिथून. तेल नंतरचं. नंबर म्हणजे रांगेतली जागा नव्हे. तो त्या मशीनचा असतो, आणि ते गेलं तरी त्याचाच राहतो. तुझ्या प्रोग्रामनं नेमकं तेच केलं जे ती करायची. बावीस वर्षांनी ती पुन्हा माझ्या वर्गात शिरली, तीही तुझ्या हातानं.

दोन कामं कर. बिल्ला दुरुस्त कर. आणि बाईंना पत्र लिही, काय झालं ते तूच सांग. मी सांगितलं तर भाच्यानं मावशीला सांभाळून घेतलं असं त्यांना वाटेल.

स्क्रूचं मला माहीत होतं. कुंडीतलं झाड बदलताना सापडला. तू कधी सांगतोस याची वाट पाहत होते. एकतीस वर्षं लागली.

मावशी

---

३ सप्टेंबर

ती. मावशीस साष्टांग नमस्कार,

बाईंना पत्र पाठवलं. तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्ही वेळा मी त्यात जरा बराच दिसत होतो.

बिल्ला दुरुस्त केला. आता ज्याला नंबर आहे त्याला तो हात लावत नाही. ज्याला नाही त्यालाच देतो, आणि तोही आजवर कुणाला न दिलेला. काढलेले नंबर तो एका यादीत लिहून ठेवतो, म्हणजे चुकूनही दुसऱ्याला जायला नकोत. त्या यादीत सध्या एकच नंबर आहे.

जगाला सावध करण्यासाठी सूचनाही लिहिली: जुना बिल्ला दुसऱ्यांदा चालवू नका, सगळे नंबर बदलतात. लगेच एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं, "हे मला जूनमध्येच कळलं होतं, म्हणून मी वापरायचं सोडलं." मावशी, तिसरा माणूस सापडला.

तुझा
खटपट्या

---

२१ सप्टेंबर

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद,

काल पाहणी झाली. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. ऐकू येत नाही, म्हणून भिंतीला हात लावून बसले. मशीन चालू झालं की भिंतीत कळतं. एकेक करत पंचवीस मोजली. मग माझाच हात इतका थरथरला की भिंत कुठली आणि मी कुठली ते कळेना. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, अठ्ठावीस. उरलेल्या दोनांत मीच बिघाड जरा जास्त मनापासून केला होता.

वर्ग चालू राहिला. समितीतला एकजण म्हणाला, पुस्तक चांगलं आहे, पण छप्पननंतर एकदम अठ्ठावन्न कसं? छपाईची चूक दिसते. बाईंनी तुझं पत्र वाचलेलं, त्या तोंड फिरवून हसल्या. मी म्हटलं, चूक नाही. तो नंबर माझ्या भागीदारणीचा आहे, ती गेली. त्यानं पान उलटलं. तिथे दुसरं काही लिहायचं नाही, हे मीही ठरवलंय. पंधरा वर्षं एका बाकावर बसून काम केलं आम्ही. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ होता. तेही कुठेतरी लिहायला हवं होतं.

पुस्तकात एक परिच्छेद वाढवायचा आहे. तुझा नवा बिल्ला त्याला सहाशे एक्केचाळीस देईल असं मी धरून चालले आहे. मजकूर असा:

‘दुरुस्ती झाल्यावर हातात एखादा स्क्रू उरला तर. मशीन चालत असलं तरी दुरुस्ती झाली असं समजू नये. स्क्रू खिशात घालू नये, कुंडीत पुरू नये. ज्याचं मशीन आहे त्याला तो उघड्या हातावर ठेवून त्याच दिवशी दाखवावा. ओरडा बसेल. मग दोघांनी मिळून मशीन पुन्हा खोलावं.’

जुनं मशीन अजून माझ्याकडे आहे. स्क्रू डबीत जपून ठेवलाय. मला आता तो भोकात बसवता येत नाही. तुझ्या भरगच्च वेळापत्रकातून वेळ काढ आणि ये. बायकोलाही आण, तिच्या चहाचं मी बघते.

तुझी
मावशी